सावरीची गादी

भंडारा
१२ मे २०२५

आत्या,
पाया पडते. तुझ्या घरात फोन लागत नाही. लागलाच तर तू तलावाच्या पाळीवर उभी असतेस आणि आजूबाजूच्या चार बाया कान देऊन असतात. मला जे सांगायचं आहे ते घाईचं नाही, पण नीट सांगायचं आहे, म्हणून पत्र लिहिते.

खुशबू आता सहा वर्षांची झाली. गेल्या दिवाळीपासून तिला झोपेत खोकला येतो. सकाळी उठली की आठ-दहा शिंका, डोळे लाल, मानेवर पुरळ. शाळेत गेली की दुपारपर्यंत बरी होते. डॉक्टरांनी औषध दिलं, वाफेचं यंत्र दिलं आणि मग विचारलं, "मुलगी झोपते कशावर?" मी म्हटलं, नवी गादी आहे, दिवाळीतच घेतली, नैसर्गिक आहे. ते म्हणाले, "नैसर्गिक आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

घरी येऊन गादीची चेन उघडली. वरचं कापड सुती होतं. आत पिवळा फोम, आणि असा वास की मलाच शिंका आल्या. दुकानात गेले तर दुकानदार म्हणतो, "मॅडम, नैसर्गिक लिहिलं आहे ते कव्हरसाठी लिहिलं आहे." लेबल पुन्हा पाहिलं. खरंच, बारीक अक्षरात तसंच होतं.

मग मी तीन दुकानं पालथी घातली. एकाकडे नारळाच्या काथ्याची गादी होती. विचारलं, काथ्या चिकटवला कशानं? तो दुसरीच गादी दाखवायला लागला. दुसऱ्याकडे रबराच्या चिकाची होती, झाडाच्या चिकाची म्हणे, आणि त्यानं प्रमाणपत्रही दाखवलं. मी घरी येऊन त्यावरचा नंबर मोबाईलवर शोधला. तो नंबर चादरी विणणाऱ्या कुठल्यातरी कारखान्याचा निघाला. तिसऱ्यानं मला पाहूनच तोंड फिरवलं, बहुतेक पहिल्या दोघांनी सांगितलं असेल. आमचे हे, प्रविण, म्हणतात, "तुला आता पोळीतही प्लास्टिक दिसेल."

आत्या, मला आता कोणाच्या लेबलवर भरवसा राहिला नाही. तू आजोबांसाठी जंगलातल्या सावरीच्या बोंडांचा कापूस भरून गादी शिवली होतीस, तशी एक खुशबूसाठी शिवशील का? तिची खाट पाच फूट लांब, तीन फूट रुंद आहे. वरची खोळ बिनरंगाच्या मांजरपाटाची कर, नीळ नको, खळ नको. आत सावरीशिवाय काहीच नको. हे मी तुला सांगायला नको, तरी सांगते.

सासूबाई मोहाडीला भासऱ्यांकडेच, मोठ्या लेकाच्या घरी आहेत. त्यांचं मला काही विचारू नको.

तृप्ती


नाकाडोंगरी
१९ मे

तृप्ती,
तुझं पत्र भेटलं. पोस्टमन म्हने, आजकाल पत्र फक्त बँकेचंच येते, हे घरचं दिसते. मी म्हटलं घरचंच आहे, वाचू नोको.

गादी शिवतो ना बाप्पा. तुले कायले एवढं लिहावं लागलं? यंदा सावरीले बोंडं बरी धरली होती, पन चैताच्या वाऱ्यानं निम्मी खाली लोळवली. बाकीची वानरांनी पाडली. तरी मी आन शेजारची रुखमा दोघी रोज सकाळी नाल्याकडे जाऊन टोपलीभर आनतो. बोंड फोडायचं, सरकी काढायची, मंग काठीनं हळूहळू झोडायचं. हा कापूस उडते गंज, घरभर होऊन जाते. नाकातोंडाले फडकं बांधून बसावं लागते. झोडला का चार दिवस उन्हात, वरून जुनं पातळ झाकून.

त्या दुकानदाराचं ऐकून मले काही नवल नाही वाटलं. आमच्याकडे तुमसरले एकानं गोनपाटाच्या पिशवीवर जैविक असं लिहून युरियाचा तांदूळ विकला. लिहिनाऱ्याचा हात कोन धरन?

महिनाअखेर गादी तयार होईन. तुमसरहून एसटीनं पाठवतो. कंडक्टर वळखीचा आहे, जवाईबापूले स्टँडवर उतरवून घ्यायले सांग.

तू नोको म्हनते तरी विचारते. विहीनबाई मार्चात पडल्या असं आयकलं. आता उठतेत काय? मानूस मानसाशी भांडते, हाडाशी कोन भांडते?

पोट्टीले पापा.

आत्या


भंडारा
८ जून

आत्या,
गादी पोचली. तू गुरुवारी बसवर टाकलीस, प्रविणनी ती शुक्रवारी संध्याकाळी घरी आणली. म्हणाले, गुरुवारी ते काम करतात त्या भांड्यांच्या दुकानात गर्दी होती म्हणून तिथंच ठेवली. मांजरपाटाची खोळ किती सुंदर शिवलीस. कोपऱ्यात खुशबूचं नाव दोऱ्यानं काढलंस ते पाहून ती दिवसभर तिथंच बोट फिरवत बसली होती.

एक गंमत वाटली. मला आठवत होतं की सावरीची गादी हलकी असते, आजोबांची तर मी एकटी उचलायची. ही दोघांनी उचलावी लागली. तू भरपूर कापूस घातलास असं दिसतं.

फोमची गादी प्रविणनी दुकानदाराला परत नेऊन दिली. तो घेत नव्हता. हे तिथं बसूनच राहिले, मग घेतली.

सासूबाईंचं विचारलंस. मांडीचं हाड मोडलं होतं, आता जुळलं म्हणतात. प्रविण रविवारी जाऊन येतात. मी जात नाही. का ते तुला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी चार बायकांसमोर माझी पेटी उघडायला लावली, त्यांची सोन्याची पोत मी घेतली म्हणून. पोत त्यांच्याच तांदळाच्या कोठीत सापडली. त्या दिवसापासून आजपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मग मी काय जाऊ?

तृप्ती


भंडारा
३ जुलै

आत्या,
हे पत्र लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं. लिहितेच.

खुशबूचा खोकला वाढला. पहिले आठ दिवस मला वाटलं नव्या गादीची सवय व्हायची असेल. मग पावसाळी हवा म्हटलं. मागच्या आठवड्यात तिला दम लागला, दवाखान्यात नेऊन वाफ द्यावी लागली. डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं, झोपते कशावर. मी छाती पुढे काढून सांगितलं, माझ्या आत्यानं स्वतःच्या हातानं शिवलेली सावरीची गादी आहे. ते म्हणाले, "आता तरी उघडून पाहा."

परवा खोळ काढली आणि गादीच्या एका कोपऱ्याची शिवण उसवली. आत्या, आत करडा कापूस आहे. त्यात लाल-निळे धागे, कोणाच्या तरी ब्लाऊजच्या कापडाचा तुकडा, एक इलॅस्टिकची दोरी. हात घातला तर धुरळा उडाला. मी चिमूटभर काढून काडी लावली. कापूस असता तर कागदासारखा जळून राख झाली असती. हा वितळला. काळी, चकाकती गोळी झाली, आणि वास प्लास्टिकचा.

तू मला लिहिलं होतंस की बोंडं वाऱ्यानं आणि वानरांनी गेली. कमी पडला असेल तर तसं सांगायचं होतं. मी थांबले असते. नको म्हणाले असते. पण माझ्या लेकीच्या नाकाखाली गिरणीचा कचरा भरून वर तिचं नाव काढायचं, हे तू कसं केलंस?

दुकानदार परका होता. तू तर माझ्या बापाची बहीण.

तृप्ती


नाकाडोंगरी
१७ जुलै

तृप्ती,
तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. पहिले दोन दिवस मी ते कोनाले दाखवलं नाही. मंग मी तुमसरले गेली.

तिथं भय्याजीचं कापूस पिंजाची मशीन आहे. मी जाऊन उभी राहिली आन म्हटलं, "भय्याजी, तुमी कापसात काय टाकता ते मले दाखवा." त्याईले समजेना. "काहून बाई, काय झालं?" मी तुझं पत्र त्याईच्या पुढे धरलं. त्याईनं वाचलं, मशीन बंद केली, गिऱ्हाईक उभं होतं त्याले थांब म्हटलं. मंग माझ्यासमोर चार गाठींतून चार चिमट्या काढल्या आन एक एक जाळली. चारीची राख झाली. म्हने, "गिरनीचा कचरा मी ठेवतो, गाडीच्या सीटवाल्याले लागते. पन तो मागच्या खोलीत आहे, आन तो इकून दिल्यावर मी तोंड चुकवत नाही, कचरा म्हनूनच देतो." मले त्याईचा चेहरा खोटा नाही वाटला. पन तुलेही माझा चेहरा खोटा वाटला नसताच, म्हनून मी चेहऱ्यावर जास्त जात नाही.

आता तू मले सांग. गादी रातभर दुकानात होती म्हने. तिथं कोनी हात लावला काय?

आन खोळीच्या आत गादीचं जे कापड आहे, ते कसं आहे ते लिहून पाठव. रंग सांग. टाके कोनत्या धाग्याचे आहेत ते सांग. थोडा कापूस पाकिटात टाक. मी काही सांगत नाही, तू पाहून सांग.

तू लिहिलं ते मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा नाही वाचलं.

आत्या


भंडारा
२३ जुलै

आत्या,
पाकिटात कापूस टाकला आहे.

खोळ तुझीच आहे, नाव तूच काढलेलं आहे. आतलं कापड निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं आहे, जाड, बाजारात गादीसाठी मिळतं तसं. कडा मशीनच्या शिवणीच्या आहेत. टाके पांढऱ्या नायलॉनच्या दोऱ्याचे.

हे लिहितानाच मला कळतंय की तू मशीन वापरत नाहीस.

काल शाळा सुटल्यावर मी प्रविणच्या दुकानात गेले. ते वसुलीसाठी बाहेर होते. मालकांना सहज म्हणून विचारलं, "मागच्या महिन्यात आमची गादी तुमच्याकडे रात्रभर ठेवली, तुम्हाला अडचण झाली असेल." ते म्हणाले, "गादी? इथं पाण्याचे पितळी गुंड ठेवायला जागा नाही, गादी कुठं ठेवू?" मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "त्या गुरुवारी प्रविण सुट्टीवर होता वहिनी."

घरी आले. जेवताना मी विचारलं, गादी त्या दिवशी कुठं होती. ते ताटाकडे पाहत म्हणाले, "दुकानात." मी पुन्हा विचारलं नाही.

आत्या, आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. हा माणूस माझ्याशी खोटं बोलत नाही असं मी सगळ्यांना सांगत आले. आता प्रत्येक गोष्ट वेगळी दिसते. रविवारी मोहाडीला जातो म्हणून जातात ते खरंच तिथं जातात का? मागच्या दोन महिन्यांत मधल्या वारीही दोनदा उशिरा आले. गादी विकली का? कोणाला दिली का? गादी कोणाला देतात? मला जे सुचतं ते कागदावर लिहायलाही नको वाटतं.

त्या गादीवर मी खुशबूला आता झोपवत नाही. खाली सतरंजी आणि धुतलेली चादर टाकते.

तुला मी जे लिहिलं होतं त्याबद्दल काय म्हणू ते मला समजत नाही.

तृप्ती


नाकाडोंगरी
२९ जुलै

तृप्ती,
कापूस पाहिला. माझा नाही. आतलं कापड माझं नाही. मी माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची गादी शिवली होती, धुवून धुवून त्याचा रंग पानी टाकलेल्या ताकासारखा झाला आहे. सगळे टाके हातचे, सुती धाग्याचे. कोनीतरी माझी खोळ काढली आन दुसऱ्याच गादीले घातली.

पन आता माझं ऐक. तू मले खोटी म्हटलं तवा मले राग आला, आन राग काहून एवढा आला ते मले मालूम होतं. सावर कमी पडली होती, तृप्ती. तीन हिस्से सावर होती, एक हिस्सा मी भय्याजीकडून कापूस आनला आन मधात टाकला. चांगला होता, सरकीचा सुती कापूस, पन बाजारचा. कोनाच्या वावरातला, त्यावर काय फवारलं, मले मालूम नाही. तू लिहिलं होतं, सावरीशिवाय काही नोको. मी वाचलं होतं. तरी टाकला, आन तुले नाही सांगतलं. म्हटलं, मधात कोन पाहते.

भय्याजीकडे मी तुझ्यासाठी नाही गेली. माझ्या भीतीनं गेली. त्याईनं कचरा दिला असता तर ते पाप माझ्या हातचं होतं. त्याईच्यावर ओरडली ते बी त्याच भीतीनं. काल मी पुन्हा गेली होती, माफी मागितली. चहा पाजला त्याईनं.

जवाईबापूचं म्हनशील तर, मानूस गादी चोरून काय करन? गादी बाटलीसारखी लपवता येत नाही. ती कोनाच्या तरी पाठीखाली असन. तुमच्या घरात कोनाची पाठ दुखते ते तू पाय. आन जाशीन तर मले लिहिलं तसं जाऊन बोलू नोको. पहिले डोळ्यानं पाय, मंग बोल.

आत्या


भंडारा
११ ऑगस्ट

आत्या,
तुझं पत्र वाचलं तेव्हा खरं सांगू, मला आधी तुझाच राग आला. एक हिस्सा का होईना, टाकलासच. मग शेवटची ओळ वाचली आणि राग तिथंच राहिला.

काल रविवारी प्रविण सकाळी निघाले. मी खुशबूला शेजारी ठेवलं आणि अर्ध्या तासानं तुमसरची बस धरली. मोहाडीला उतरले. भासऱ्यांच्या घरापुढे प्रविणची गाडी उभी होती. ते खोटं नव्हतं एवढं कळलं. ते आणि भासरे राजकुमारभाऊजी मागे धानाच्या बांधीत गेले होते, रोपं लावायची रोवणी चालू होती. जाऊबाई मला पाहून दारातच थांबल्या. "आज कशी वाट चुकली?" म्हणाल्या, पण वाट सोडली.

सासूबाई आतल्या खोलीत होत्या. आत्या, मी त्यांना दोन वर्षांनी पाहिलं. त्या एवढ्या लहान झाल्या आहेत. हाड जुळलं म्हणत होते, ते जुळलं असेल, पण त्या उठत नाहीत. मार्चपासून पाठीवरच आहेत. अंगाखाली तुझं हिरवं लुगडं होतं. ताकाच्या रंगाचं.

मी दारात उभी. मी ठरवून गेले होते की आधी पाहीन. पाहिलं.

त्याच बोलल्या. "तृप्ती हो काय? बस."

मी बसले नाही. त्या म्हणाल्या, "गादी न्यायले आली असन. ने बाप्पा. मी प्रविणले कवापासून सांगून राहिली, ही मोठ्या मानसाची गादी नाही."

"तुम्हाला काय माहीत?" मी विचारलं.

"माझे पाय पाय ना." त्यांनी पांघरूण सरकवलं. पावलं गादीच्या बाहेर, खाटेच्या पट्टीवर होती. टाचांखाली कोणीतरी घडी घातलेला टॉवेल ठेवला होता. "एवढी आखूड गादी मोठ्यासाठी कोन शिवन? लेकराची आहे. मी विचारलं, खुशबूची काय रे? तो म्हने नाही, तुझ्यासाठीच बनवून घेतली. त्याले लहानपनापासून खोटं बोलता येत नाही."

मग जाऊबाईंनी त्यांना कूस वळवायला हात दिला, आणि मीही दिला, कारण जवळ दुसरं कोणी नव्हतं. तेव्हा पाठ दिसली. कमरेखाली दोन जखमा आहेत, एक रुपयाएवढी, एक तळहाताएवढी. जाऊबाई म्हणाल्या, "आधी काथ्याच्या गादीवर होत्या, तेव्हा तीन होत्या. या गादीवर आल्यापासून एक भरली." त्यांनी ते मला ऐकवण्यासाठी म्हटलं नाही, नुसतं सांगितलं.

मी म्हटलं, "गादी न्यायला नाही आले." हे म्हणेपर्यंत मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

सासूबाईंचं तोंड आता भिंतीकडे होतं. तशाच म्हणाल्या, "पोत कोठीत सापडली तवा मी येऊन बोलायले पाहिजे होतं. लाज वाटली. एक दिवस गेला का दुसऱ्या दिवशी जास्त लाज वाटते. मंग दोन वर्षं गेली." मी उत्तर दिलं नाही. देता आलं नाही असं नाही, दिलं नाही.

बांधीतून प्रविण आले. पाय चिखलाचे. मला पाहून अंगणातच उभे राहिले. परत येताना आम्ही दोघं एकाच गाडीवर होतो. गाव मागे पडल्यावर त्यांनी गाडी रस्त्याकडेला घेतली आणि सगळं सांगितलं.

गुरुवारी सुट्टी टाकून त्यांनी स्टँडवरून गादी उतरवली. उचलली तर एका हातात आली, एवढी हलकी आणि मऊ. तिथंच उभं राहून त्यांच्या मनात आईच्या पाठीचं आलं. गाडीला बांधून ते सरळ मोहाडीला गेले. खोळीवर खुशबूचं नाव होतं म्हणून खोळ काढून आणली. भंडाऱ्यात एका गादीवाल्याकडून त्याच मापाची गादी एका दिवसात भरून घेतली. "त्यानं शपथ घेऊन सांगितलं, नवा शुद्ध कापूस आहे. मला वाटलं कापूस तो कापूस. तुझ्या त्या तपासण्या मला खूळ वाटत होत्या, तृप्ती. तिचा खोकला वाढला तेव्हा मी त्याच्याकडे दोनदा गेलो. तो म्हणाला पावसाळ्यानं होतं. मला ते खरं मानायचं होतं."

मी म्हटलं, "मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर दिली असतीस?"

आत्या, मी नसती दिली. सासूबाईंचं नाव निघाल्याबरोबर मी उठून गेले असते. पण हेही खरं की त्यामुळं माझ्या लेकीला दवाखान्यात वाफ घ्यावी लागली. या दोन गोष्टी मी एकमेकींवर ठेवून पाहते, आणि एकीनं दुसरी झाकली जात नाही.

मी त्यांना म्हटलं, "माझ्या मनात काय काय आलं होतं ते तुम्हाला माहीत नाही." ते म्हणाले, "मालकांनी सांगितलं, तू आली होतीस."

तुझी माफी मागते. एक हिस्सा सोडून.

तृप्ती


नाकाडोंगरी
२० ऑगस्ट

तृप्ती,
एक हिस्सा सोडून म्हटलं ते बरोबर केलं. पूरी माफी मागितली असती तर मले बी झोप नसती आली.

मी गुरुवारी मोहाडीले जाऊन आली. कोनाले न सांगता. विहीनबाई म्हने, तुमची गादी बापा, पाठीले लोन्यासारखी लागते. मी म्हटलं, तीन हिस्से लोनी आहे, एक हिस्सा बाजारचा. तुले पहिले नाही सांगतलं, ते त्याईले गेल्या गेल्या सांगून टाकलं. त्या हासल्या. दात नाही आता त्याईले.

पन मी पाठ पाहिली. तृप्ती, हे माझ्या कापसाचं काम नाही. सावर मऊ आहे, थंड आहे, पन दाबते तवा खाली बसते, आन जखम जिथं आहे तिथंच वजन राहते. इकडे खानीत काम करनाऱ्या एका मानसाची कंबर मोडली होती, त्याले दवाखान्यातून हवेची गादी भेटली होती, मशीननं फुगते आन उतरते. ती प्लास्टिकची राहते, मले मालूम आहे. तरी डॉक्टरले विचार. ज्या पाठीले जे लागते ते द्यावं. आपलं नैसर्गिक तिथं नोको लावू.

हवेची गादी भेटली तर माझी गादी मले परत पाठव. मी उसवते, मधातला बाजारचा कापूस काढून टाकते. नवं कापड लावते. ऊन्ह पडल्यावर आठ दिवस वाळवते. पातळ होईन, पन मंग जे आहे ते सावरच राहीन. या वेळी मी भरताना तू समोर बस. मी बोलावते म्हनून नाही, तुले बसावंसं वाटन म्हनून सांगते.

आत्या


भंडारा
२६ ऑक्टोबर

आत्या,
दिवाळीला तू आली नाहीस, तुझ्या गुडघ्याचं कळलं. फराळ प्रविणसोबत पाठवते आहे, हे पत्र त्यातच ठेवते.

तू गादी पुन्हा भरत होतीस आणि मी तुझ्या अंगणात बसून तुझ्या हातांवर नजर ठेवून होते, तेव्हा तुला वाईट वाटलं असेल.  मूठमूठ कापूस तू माझ्या मांडीवर ठेवत होतीस आणि मी त्यात बाजारचा कापूस शोधत होते. दोनदा काडीही लावली. परत येताना मला स्वतःचीच लाज वाटली, पण न तपासता आणली असती तर इथं आल्यावर मी ती पुन्हा उसवली असती.

खुशबू तिच्यावर महिनाभर झोपते आहे. शिंका थांबल्या. खोकला आठवड्यातून एखादा दिवस येतो. डॉक्टर म्हणतात, गादीनं सगळं होत नाही, चादर दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, गादी उन्हात टाकत जा, आणि वर्षभर वाट पाहा. मी ते वहीत लिहून ठेवलं आहे. हा माणूस पहिल्यापासून फक्त "उघडून पाहा" एवढंच म्हणत आला, म्हणून याच्यावर माझा थोडा विश्वास आहे.

हवेची गादी डॉक्टरांनीच मिळवून दिली. सासूबाईंना तिचा आवाज आवडत नाही. म्हणतात, खाटेखाली कोणी घोरून राहिलं असं वाटते. मोठी जखम भरत आली आहे. मी तीन रविवार जाऊन आले. आम्ही फार बोलत नाही. मी त्यांची वेणी घालते, त्या सांगतात रोवणीत किती बाया होत्या, धान कसा पोटरीवर आला, लोंब्या कधी फुटतील.

आणि घरचं. प्रविण आता घरी आल्याबरोबर, मी विचारायच्या आधी, दिवसभर कुठं होते ते सांगतात. दुकान, मग बँक, मग अमुक गिऱ्हाईक. ते ऐकून मला बरं वाटत नाही. त्यांनी सांगावं असं मी कधी म्हटलं नाही. पण ते सांगतात तेव्हा मी ऐकते, आणि मनात जुळवूनही पाहते. हे कधी थांबेल ते मला माहीत नाही. तुला लिहिते कारण दुसऱ्या कोणाला हे सांगता येत नाही.

परवा लक्ष्मीपूजनाचं सामान आवरताना ते पाट हातात घेऊन दारात उभे राहिले.  मग म्हणाले, "आईला इथं आणायचं का? तू नको म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही."

 मी त्यांच्या हातातला पाट घेतला, भिंतीशी ठेवला आणि म्हटलं, "रविवारी आणायला जाऊ. मी बरोबर येते."

तृप्ती